सोसायटीच्या ग्रुपवरच्या तक्रारी मोजायच्यात, पण काउंटर अक्षरंच मोजतोय

मुलुंड_पूर्व

नमस्कार मंडळी, बीएस्सी आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पायथन शिकतेय, आणि एक खरंखुरं काम अंगावर आलंय म्हणून विचारतेय. आमच्या सोसायटीची एजीएम, म्हणजे वार्षिक सभा, ३० सप्टेंबरच्या आत घ्यायचीय आणि सेक्रेटरी काकांना हवंय की वर्षभरात लोकांनी ग्रुपवर सगळ्यात जास्त कशाबद्दल तक्रार केली ते आकड्यांत सभेपुढे ठेवायचं. कारण सभेत ज्याचा आवाज मोठा त्याचीच तक्रार मोठी ठरते आणि चौथ्या मजल्यावरची गळती तशीच राहून जाते. मला हे मनापासून नीट करायचंय.

व्हॉट्सॲपचं चॅट मीडियाशिवाय एक्स्पोर्ट केलं, तारीख-वेळ-नाव काढून टाकलं, फक्त मेसेज ठेवले. आधी कॉलेजात दाखवलं होतं तसं केलं, म्हणजे लिस्टमधल्या प्रत्येक शब्दासाठी लूप आणि आत लिस्ट डॉट काउंट, ते चालतं पण जाम वेळ खातं. मग कुठेतरी वाचलं की पायथनच्या कलेक्शन्स मॉड्यूलमधला काउंटर वापरा, म्हणजे कुठली गोष्ट किती वेळा आली ते मोजणारी तयार सोय, तर अख्खी फाइल रीड करून ती स्ट्रिंग तशीच काउंटरला दिली, तर पहिल्या नंबरला स्पेस, मग नुसता काना, मग र, मग त. शब्द एकही नाही.

मग म्हटलं एकेक शब्दच मोजू, टेक्स्ट डॉट काउंट मध्ये "कार" टाकलं पार्किंगच्या तक्रारींसाठी, तर "पार्किंग" या शब्दापेक्षा कितीतरी पट मोठा आकडा आला, असं कसं होईल?

फोनवरून लिहितेय म्हणून कोड शब्दांतच सांगतेय, चालेल ना. नेमकं कुठे चुकतंय आणि बरोबर पद्धत कुठली ते सांगा प्लीज.

डबल_फास्ट

अगं तुझे तीन प्रश्न आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत, एकेक घे.

काउंटरला काहीही दिलं की तो त्यावरून एकेक करत चालत जातो आणि जे हाताला येईल ते मोजतो. लिस्ट दिलीस तर लिस्टमधल्या वस्तू येतात, स्ट्रिंग दिलीस तर अक्षरं येतात. म्हणून आधी टेक्स्ट डॉट स्प्लिट कर, कंसात काही न टाकता, म्हणजे स्पेस, टॅब, नवी ओळ सगळ्यांवर तोडेल, आणि ती लिस्ट काउंटरला दे, मग मोस्ट कॉमन वीस माग. बस.

हाच सापळा अपडेटमध्येही आहे आणि तिथे जास्त लोक अडकतात. काउंटर डॉट अपडेट मध्ये "पाणी" ही स्ट्रिंग दिलीस तर तो प, काना, ण आणि दीर्घ ईकार असे चार वेगवेगळे मोजणार, त्यामुळे एकच शब्द वाढवायचा असेल तर लिस्टमध्ये गुंडाळून दे किंवा सरळ त्या कीसमोर, म्हणजे मोजायच्या शब्दासमोर, प्लस इक्वल वन कर. ती की आधी नसली तरी काउंटर शून्य धरतो, एरर देत नाही, साध्या डिक्शनरीपेक्षा हाच मोठा आराम.

वेळ का लागतो ते बघ. लिस्ट डॉट काउंट दर वेळी अख्खी लिस्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत बघतं. समज शब्द १०,००० आहेत आणि त्यात वेगळे शब्द २,०००, तर सेट करून, म्हणजे प्रत्येक शब्द एकदाच ठेवून, त्यावर लूप लावलास तरी २ कोटी तुलना झाल्या, आणि सेट न करता लावलास तर १० कोटी. काउंटर लिस्टवरून एकदाच जातो. एकाच गोष्टीचा आकडा हवा असेल तर मात्र लिस्ट डॉट काउंट उत्तम, त्यासाठी काउंटर कशाला बांधायचा.

आणि "कार"चं म्हणशील तर स्ट्रिंगचं काउंट शब्द ओळखत नाही, अक्षरांचा तुकडा शोधतं. "कारण", "सरकार", "प्रकार", "बेकार", "अधिकारी", "कार्यालय" सगळ्यांत कार आहे. मराठीत "कारण" हा शब्द माणूस दिवसातून किती वेळा लिहितो बघ, तुझा आकडा फुगला तो तिथेच. शिवाय हे काउंट एकमेकांवर चढलेले तुकडे मोजत नाही, "पापापा" मध्ये "पापा" शोधलं तर उत्तर एक येतं, दोन नाही.

काउंटर पायथन २.७ आणि ३.१ पासून आहे, तरी कॉलेजात अजून इफ की इन डिक्शनरी एल्स असंच शिकवतात. ते एकदा हाताने लिहून बघणं चांगलंच, पण कामाला काउंटर.

शीटवाली

मी अकाउंट्समध्ये आहे, माझं मत थोडं वेगळं. सेक्रेटरी काकांना पुढच्या वर्षी हे स्वतः करायचं असेल तर पायथन कोण चालवणार? मेसेज शीटमध्ये एका कॉलममध्ये टाक आणि काउंटइफ लाव, शब्दाच्या दोन्ही बाजूंना स्टार देऊन. फक्त एवढं लक्षात ठेव की काउंटइफ सेल मोजतं, शब्द नाही. एका मेसेजमध्ये कोणी तीनदा पाणी लिहिलं तरी ते एकच धरणार. शब्दच मोजायचे असतील तर जुनी युक्ती आहे, सेलची लेन्ग्थ घ्यायची, सब्स्टिट्यूटने तो शब्द काढून परत लेन्ग्थ घ्यायची, वजाबाकी करायची आणि शब्दाच्या लेन्ग्थने भागायचं. मराठीतही बरोबर चालते, कारण "पाणी"ची लेन्ग्थ शीट चार धरते आणि वजाबाकीतही चारच कमी होतात.

"कार"चा घोळ मात्र इथेही तस्साच, स्टार लावला की अधिकारी आलेच.

टर्मिनल_टू

नुसती यादी झटपट हवी असेल तर टर्मिनलच्या कमांड वापर, एका ओळीत एक शब्द करून सॉर्ट, मग युनिक डॅश सी, मग परत सॉर्ट डॅश आर एन. पहिलं सॉर्ट कधीही गाळू नका, युनिक फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करतं. ते गाळलं तर "लिफ्ट" वेगवेगळ्या आकड्यांनी दहा ठिकाणी दिसेल.

मुलुंड_पूर्व

डबल_फास्ट, खूप खूप थँक्स, स्प्लिट केल्यावर लगेच शब्द आले आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत आले! शीटवाली ताई, तुमचा सेलचा मुद्दा पण पटला, त्याच्यावर परत येते.

आता नवीन गंमत. "पाणी", "पाणी.", "पाणी??", "पाण्याचा", "पाण्याची", "पाण्यामुळे" सगळे वेगवेगळे मोजले जातायत. विरामचिन्हं काढण्यासाठी रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात शोधायचा नमुना, लावलं, बॅकस्लॅश डब्ल्यू प्लस, सगळीकडे हेच सांगतात, तर "पाणी"चे तुकडे होऊन नुसता प आणि नुसता ण हातात आला. इंग्रजी मेसेजवर तेच बरोबर चालतंय.

आणि सगळ्यात विचित्र म्हणजे "कचऱ्याचा" हा शब्द यादीत तीन वेळा येतोय, तीन वेगवेगळ्या आकड्यांसकट, त्यातले दोन तर स्क्रीनवर हुबेहूब सारखे दिसतात, मी झूम करून बघितलं. दोघांना इक्वल इक्वल लावलं तर फॉल्स. हे कसं शक्य आहे?

नुक्ता

थांब, हे नीट सांगायला हवं, कारण मराठी मजकूर मोजताना सगळे इथेच फसतात आणि इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये याचं नावही नसतं.

आधी तो प आणि ण. पायथनच्या अंगच्या री मॉड्यूलमध्ये, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन चालवणाऱ्या मॉड्यूलमध्ये, बॅकस्लॅश डब्ल्यू म्हणजे अक्षर, आकडा किंवा अंडरस्कोर. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक चिन्हाला कोड देणाऱ्या पद्धतीच्या, हिशेबात प आणि ण अक्षरं आहेत, पण काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त ही अक्षरं नाहीत, ती जोडचिन्हं आहेत, त्यांचा गट वेगळा. म्हणून काना आला की री म्हणतं शब्द संपला. "मुंबई"चं "म" आणि "बई" होतं. आणि याच कारणाने बॅकस्लॅश बी, म्हणजे शब्दाची हद्द, तीही मराठीत भलत्याच ठिकाणी पडते. दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश बी लावून "कार" शोध. "सरकारी" सुटेल, कारण क च्या आधी र हे अक्षर आहे, तिथे हद्द नाही. पण "अधिकारी" अडकेल, कारण क च्या आधी वेलांटी आहे आणि शेवटच्या र नंतरही वेलांटी, दोन्हीकडे री ला हद्द दिसते. म्हणजे वॉर्ड ऑफिसातला अधिकारी तुझ्या पार्किंगच्या तक्रारीत जमा झाला. उपाय म्हणजे री सोडून रेजेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल पिपने टाकायचं, त्याचा बॅकस्लॅश डब्ल्यू जोडचिन्हांना शब्दातच धरतो. पण तुझ्या कामाला तेवढंही नको, स्प्लिट कर आणि दोन्ही टोकांची चिन्हं स्ट्रिपने काढ. स्ट्रिंग डॉट पंक्चुएशनमध्ये फक्त इंग्रजी कीबोर्डवरची चिन्हं असतात, फोनवरून येणारे वाकडे अवतरण आणि तीन टिंबांचं एकत्र चिन्ह त्यात नाही, ते हाताने जोड.

आता कचरा. हा शब्द लोक चार तऱ्हांनी टाइप करतात. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, यू प्लस ०९३१, मग हलन्त, मग य. दोन, साधा र, त्याला नुक्ता म्हणजे खालचं टिंब, मग हलन्त, य. तीन, साधा र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह, मग य. हे तिन्ही स्क्रीनवर कचऱ्याचा असेच दिसतात. चौथं म्हणजे जॉइनर न टाकता र, हलन्त, य, त्याने रफार होऊन "कचर्याचा" होतं, ते चुकीचं आहे पण फोनवर सर्रास येतं. कुठला कीबोर्ड कुठलं टाकेल सांगता येत नाही, आणि ग्रुपवर प्रत्येकाचा कीबोर्ड वेगळा. तुझ्या यादीत तीन आले, त्यातले दोन सारखे दिसणारे आणि एक रफारवाला असणार, बघ.

युनिकोडडेटा मॉड्यूलचं नॉर्मलाइझ, म्हणजे एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या तऱ्हा एकसारख्या करणं, लावलंस तर पहिले दोन एक होतात, तिसरा नाही आणि चौथा नाही. एनएफसी केलंस तर दोन्हींचा ऱ होतो, एनएफडी केलंस तर दोन्हींचा र अधिक नुक्ता. जॉइनरला नॉर्मलायझेशन हात लावत नाही, तो आपणच रिप्लेसने काढायचा.

तुझ्यासाठी मी एनएफडी घेईन, आणि त्यामागे कारण आहे. तुला नेमका शब्द नकोच आहे, कचरा, कचऱ्याचा, कचऱ्याची, कचऱ्यामुळे हे सगळं एका खात्यात हवंय. शब्द "कचर" ने सुरू होतो का एवढं स्टार्ट्सविथने विचार. एनएफडी न करता विचारलंस तर "कचरा" सापडेल, जॉइनरवाला सापडेल, रफारवाला पण सापडेल, पण ज्यांनी व्यवस्थित ऱ वापरला तेवढेच सुटतील, कारण त्यांच्या शब्दात र नाहीच, ऱ हे वेगळं अक्षर आहे. एनएफडी केलं की ऱ फुटून र आणि नुक्ता होतो आणि चारही तऱ्हा "कचर"मध्ये बसतात. शेवटी चिकटलेलं प्रश्नचिन्ह किंवा इमोजी असलं तरी फरक पडत नाही, आपण सुरुवातच बघतोय.

पाण्यासाठी दोन सुरुवाती लागतील, "पाणी" आणि "पाण्य", स्टार्ट्सविथला टपलमध्ये, म्हणजे साध्या कंसातल्या न बदलणाऱ्या यादीत, दोन्ही देता येतात. गळतीला "गळत", मग "गळतंय" पण येईल. पार्किंगला "पार्क", म्हणजे कोणी किं ऱ्हस्व लिहो की दीर्घ, दोन्ही आले. गाडीला "गाडी" आणि "गाड्य". "कार"ला मात्र सुरुवात चालणार नाही, "कारण" आणि "कारभार" परत घुसतील, तिथे "कार", "कारला", "कारची", "कारमुळे" अशी पुरी यादी दे आणि अख्खा शब्द जुळव. मराठीत प्रत्यय चिकटतात आणि मूळ शब्द आतून बदलतो, त्यामुळे असं खातं हाताने बांधल्याशिवाय गत्यंतर नाही, पण सोसायटीच्या तक्रारींची खाती असतात किती, तासाभरात होतं.

जाता जाता, "ॲप" पण बघ. ॲ हे एक अख्खं अक्षर आहे, यू प्लस ०९७२, ते युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आलं. अजून कितीतरी ठिकाणी अ वर वेगळा चंद्र टाकून लिहितात. दिसायला तेच, पण ही जोडी एनएफसी, एनएफडी कशानेच एक होत नाही, रिप्लेसच करायचं. गेटच्या ॲपवर तक्रारी असतील तर उपयोगी पडेल.

कमिटीवाला_काका

मी पंधरा-वीस वर्षं सोसायट्यांच्या कमिटीत काढलीत, प्रोग्रामिंग निवृत्तीनंतर शिकलो, म्हणून बोलतो. वरचं सगळं उत्तम सांगितलंय, नुक्ता यांचं तर मी उतरवून घेतलं. पण पोरी, तू सभेपुढे काय ठेवणार आहेस ते आधी ठरव. "पाणी" शब्द किती वेळा आला, की पाण्याची तक्रार असलेले मेसेज किती, की पाण्याची तक्रार किती घरांनी केली? तीन आकडे वेगळे येतील आणि सभेत भांडण त्यावरूनच होईल.

एक घर रोज सकाळी "पाणी नाही पाणी नाही पाणी नाही" लिहितं. शब्द मोजलेस तर ते एक घर सगळ्या बिल्डिंगवर भारी पडतं. मेसेज मोजलेस तरी थोडंफार तेच. माझ्या मते घरं मोज. तुझ्या फोनमध्ये लोकांची नावं फ्लॅट नंबरासकट सेव्ह असतील तर एक्स्पोर्टमध्ये तीच येतात, ती तू काढून टाकलीस ती परत घे, पण नाव टाकून फक्त फ्लॅट नंबर ठेव, कोणी काय लिहिलं हे सभेत फिरायला नको. मग फ्लॅट, महिना आणि तक्रारीचं खातं असं टपल कर आणि सेटमध्ये टाक, सेटमध्ये एक गोष्ट एकदाच राहते, म्हणजे एका घराची एका महिन्यात एका खात्यात एकच नोंद, आणि शेवटी त्या सेटमधली खाती काउंटरला दे. टपलच कर, लिस्ट केलीस तर सेट आणि काउंटर दोघंही अनहॅशेबल, म्हणजे बदलू शकणारी गोष्ट, म्हणून नकार देतील. फ्लॅट नंबर कोणी ३०२ मराठी आकड्यांत सेव्ह केलेला असेल, कोणी इंग्रजी, दोघांना इंट लाव, पायथनचं इंट मराठी आकडे वाचतं. विंग वेगळी ठेव, नाहीतर ए आणि बी विंगचे ३०२ एक होतील.

दुसरं, "आज पाणी वेळेवर आलं, कमिटीचे आभार" हा मेसेजही तुझ्या पाण्याच्या खात्यात जाणार. "उद्या पाणीकपात आहे, भरून ठेवा" ही सूचना झाली, तक्रार नाही. "पाणीपुरीवाला खाली आलाय" हेही आलंच. "ओला" मोजलास तर ओला कचरा, ओला जिना आणि गेटवर थांबलेली ओला टॅक्सी तिन्ही एकात. आणि "विहार" हा तलावही आहे आणि निम्म्या सोसायट्यांच्या नावातही आहे. यावर कोडमध्ये उपाय शोधत बसू नकोस. प्रत्येक खात्यातले पन्नास मेसेज रँडम सॅम्पलने काढ आणि स्वतः वाच, किती खरे तक्रारीचे निघतात ते लिहून ठेव आणि तो आकडाही सभेला सांग.

आणि जे ग्रुपवरच नाहीत त्यांचं काय? आमच्याकडे तळमजल्यावरचे दोघं-तिघं वयस्कर लोक अजून वॉचमनकडच्या वहीतच लिहितात, आणि गटाराचं पाणी पावसात सगळ्यात आधी त्यांच्याच दारात येतं. ती वही पण टाइप करून त्याच सेटमध्ये घाल. दोन संध्याकाळी जातील, पण घाल.

मुलुंड_पूर्व

काका, वहीचं डोक्यातच आलं नव्हतं, आमच्याकडे पण आहे, ऑफिसच्या कपाटात. आजच मागून घेतली.

नुक्ता, तुम्ही सांगितलं तसंच निघालं. प्रत्येक अक्षराचा कोड छापून बघितला, एकात ०९३१ होतं, दुसऱ्यात जॉइनर होता, तिसरा रफारवाला. जॉइनर काढून एनएफडी लावलं आणि सगळे एका खात्यात आले.

आता घरांप्रमाणे मोजलं तर क्रमच बदलला. शब्द मोजले होते तेव्हा पार्किंग पहिलं होतं, घरं मोजली तर गळती वर आली आणि पार्किंग तिसऱ्या नंबरला गेलं, कारण पार्किंगवर तीच तीच मंडळी भांडत होती आणि गळतीवाले प्रत्येक जण महिन्यातून एकदाच लिहून गप्प बसले होते. सेक्रेटरी काकांना दाखवलं तर ते बराच वेळ कागद बघत बसले, म्हणाले दुरुस्ती फंडाचा विषय अजेंड्यावर वर घेऊया.

एक शेवटचं. लिफ्ट आणि कचरा दोघांचे आकडे सारखे आलेत. मोस्ट कॉमन कधी याला वर दाखवतो कधी त्याला, असं का? छापताना एकच क्रम हवाय.

डबल_फास्ट

आकडा सारखा असेल तर जो आधी भेटला तो आधी, ३.७ पासून असा नियम आहे. पण तू सेटमधून देतेयस आणि सेटला क्रम नसतो, स्ट्रिंगचे हॅश, म्हणजे सेट ज्यावरून जागा ठरवतो ते आकडे, दर रनला बदलतात, म्हणून कधी हा आधी भेटतो कधी तो. सॉर्टेडच लाव, त्याच्या की या पॅरामीटरमध्ये आधी आकडा उणे करून आणि मग खात्याचं नाव. आणि नावाप्रमाणे सॉर्ट करताना "ॲप" खातं असेल तर ते अ मध्ये न येता ह च्याही नंतर जाईल, त्याचा कोड तिथे आहे म्हणून, घाबरू नकोस. सभेच्या कागदावर ते खटकत असेल तर खात्याचं नाव "गेटचं ॲप" ठेव.